मानेचे अंश

गुडघा मोजणं सोपं. एका बाजूला मांडीचं हाड, दुसऱ्या बाजूला नडगी, मधे सांधा. गोनिओमीटरच्या, म्हणजे सांध्याचा कोन मोजणाऱ्या उपकरणाच्या, पट्ट्या लावायच्या आणि अंश वाचायचे. मानेत असा एकच सांधा नाही. सात मणके थोडे थोडे हलतात आणि त्यांची बेरीज आपण डोक्यावरून वाचतो. या बेरजेत वाटेही सारखे नसतात. डावी-उजवीकडे वळण्याचं जवळजवळ निम्मं काम वरच्या दोन मणक्यांमधला सांधाच करतो.

म्हणून मी उपकरणाआधी बैठक पाहते. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात मांडीवर. पोक काढून बसलेली मान मुळातच कमी वळते. 'काका, फक्त मान वळवा' म्हटलं, की मानेमागोमाग खांदा निघतो, छाती फिरते, हनुवटी वर जाते. दुखरा भाग वाचवून काम उरकायचं, ही शरीराची जुनी खोड. ती अडवायला खांदे धरून ठेवायचे, मग मोजायचं. गोनिओमीटरचं केंद्र डोक्याच्या मध्यावर, स्थिर पट्टी दोन्ही खांद्यांच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेला समांतर, फिरती पट्टी नाकाच्या शेंड्याकडे. वळण्याचे ८० अंश, पुढे वाकण्याचे ५०, मागे नेण्याचे ६०, कान खांद्याकडे झुकवण्याचे ४५ हे आमचे प्रमाण आकडे. पण वयाबरोबर मान आखडतेच. सत्तरीच्या आजींची डावी बाजू त्यांच्याच उजव्या बाजूशी ताडून पाहिलेली बरी. अपघातातून आलेल्या माणसाला मात्र, मणका मोडलेला नाही याची खात्री होईपर्यंत पट्टी लावायचीच नाही.

अंशांपुढे मी थांबण्याचं कारणही लिहिते. ५५ अंशांवर मागचा स्नायू ताणला म्हणून थांबलेली मान आणि ५५ वरच हातात कळ उतरली म्हणून थांबलेली मान, यांचा आकडा एक असला तरी उपचार एक नसतो. कारण न लिहिलेली नोंद पुढच्या सहकाऱ्याला चुकीच्या वाटेला लावू शकते.

पुढच्या खेपेला ५८ भरले, की पेशंटचा चेहरा खुलतो. मी जरा थांबते, कारण चार-पाच अंश पट्टी धरणाऱ्या हातामुळेही इकडेतिकडे होतात. आकडा त्याहून जास्त सरकला आणि स्कूटर चालवताना मान वळवून मागची गाडी पाहता येऊ लागली, या दोन्ही गोष्टी जुळल्या, की मगच कागदावर 'सुधारणा' लिहायचं.