पायाखालचा कोळसा

‘इमारत का पडते?’ असं सिव्हिलच्या पोरांना विचारलं की उत्तरं ठरलेली : सिमेंट कमी, सळई बारीक, नाहीतर कंत्राटदार! पण स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन पॅलेसचा इतिहास वाचला तर यातलं एकही उत्तर लागू पडत नाही.

ग्लासगोजवळच्या हॅमिल्टन गावातला हा ड्यूकांचा वाडा. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचेस ॲन यांनी जुना वाडा नव्याने बांधवला. पुढे दहाव्या ड्यूकसाहेबांनी उत्तरेला २६४ फूट लांबीची नवी बाजू उभारली. पुढचे खांब २५ फुटी, प्रत्येक खांब एकाच अखंड दगडाचा! आत रुबेन्ससारख्यांची चित्रं. साहेबांचा थाट असा, की १८५२ साली वारल्यावर पुरायलासुद्धा इजिप्तहून आणलेली दगडी शवपेटी!

एवढा पैसा आला कुठून? बराचसा जमिनीतून आणि तिच्याखालच्या कोळशातून. पण खर्च त्याहून मोठा. १८८२ मध्ये वाड्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला, तो १७ दिवस चालला. पहिल्या महायुद्धात वाड्यात नौदलाचं इस्पितळ होतं. दरम्यान खोदकाम वाड्याच्या खालीच येऊन पोचलं होतं.

कोळसा काढला की खाली पोकळी राहते. तिचं छत बसतं आणि वरची जमीन परातीसारखी खोलगट होते. इमारत सगळीकडून सारखी खचली तर एकवेळ निभावतं. एक कोपरा जास्त खाली गेला की भिंती तडकल्याच म्हणून समजा. त्यात एवढं मोठं घर सांभाळणं परवडेना. १९२० च्या दशकात वाडा पाडला. ड्यूकसाहेबांनाही १९२१ मध्ये शवपेटीसकट गावच्या दफनभूमीत हलवावं लागलं. त्यांनी बांधायला घेतलेलं घुमटाचं दफनगृह मात्र खचूनही आज उभं आहे. आत दार आपटलं की आवाज सुमारे १५ सेकंद घुमतो म्हणे.

हे वाचून हसू येतं, पण मला पुरतं हसता आलं नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यातला. ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या घुग्घुसला एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी कोळसा खाण. घरचे लोक वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले. ड्यूक घराण्याने निदान कोळशाचे पैसे तरी खाल्ले होते. त्या घरवाल्यांच्या वाट्याला फक्त खड्डा आला.

म्हणून मित्रांनो, उद्या साईटवर गेलात की मातीचा रिपोर्ट बघालच. पण कोळशाच्या पट्ट्यात असाल तर जुन्या खाणीचा नकाशाही मागा. मिळत नसेल तर मिळेपर्यंत मागत राहा. वर राहणाऱ्याला तो मागायचा असतो हेच ठाऊक नसतं. आपल्याला ठाऊक आहे.