पाणी कसं उतरतंय?

ऑपरेशननंतर घास उतरू लागला आणि माझ्यापुरता विषय संपला. तो संपलेला नाही हे मला ठाण्यातल्या, नौपाड्यातल्या एका दवाखान्यातल्या सिस्टरांनी शिकवलं. माझ्यावरच्या उपकारांत सर्जनइतकाच त्यांचा वाटा आहे. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसतं सिस्टर.

आजाराचं नाव अ‍ॅकॅलेशिया. लाखात वर्षाला साधारण एखाद्यालाच तो नव्याने होतो. अन्ननलिकेतल्या चेतापेशी मरत जातात. नळी घास पुढे ढकलत नाही आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडत नाही. आधी सगळ्यांना ते पित्त वाटलं, मलाही. पंगतीला बसणं मी सोडलं होतं. दोन घासांनंतर पाण्याचा तांब्या लागे आणि बरेचदा मोरीकडे धावावं लागे. रात्री आडवं झालं की दुपारचा भात घशाशी येई. बेरियम पाजून काढलेल्या एक्सरेत नळीचं खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसलं, तेव्हा कुठे रोगाला नाव मिळालं.

लायपझिगच्या अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ साली या झडपेचे स्नायू उभे कापले होते. माझं ऑपरेशन तेच, फक्त दुर्बिणीतून. मला वाटलं, नळी आता नवी झाली. टाके काढायच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "वाट मोकळी केलीय दादा, मेलेल्या पेशी नाही परत आणल्या. तुमचा घास आता स्वतःच्या वजनाने खाली जाणार. ताठ बसून जेवायचं, सावकाश चावायचं आणि वर कोमट पाणी प्यायचं." आधी पेज आणि वरणाचं पाणी, मग गुरगुट्या भात, मग आमटीत भिजवलेली पोळी. पाव सगळ्यात शेवटी. डोंबिवलीच्या माणसाला मिसळीचा वास घेत फडके रोडवरून कोरडं परतावं लागणं ही काय शिक्षा असते, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

पुढे मी तपासणीला जायची टाळाटाळ करू लागलो. बरं वाटत असताना दिवा-मुंब्र्याची गर्दी अंगावर कशाला घ्यायची? एके दिवशी सिस्टरांचाच फोन आला. त्यांनी नेहमीचे चार प्रश्न विचारले: घास अडकतो का, अन्न वर येतं का, छातीत दुखतं का, वजन घटलं का? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण असतात आणि बेरीज तीन किंवा त्याहून कमी असली की समाधानकारक मानतात. माझी बेरीज उत्तम होती. तरी त्या म्हणाल्या, "एंडोस्कोपीला या."

गेलो, तर नळीच्या खालच्या भागात आम्लाने झालेले चट्टे निघाले. झडप कापली की आम्ल वर चढायला मोकळं होतं आणि या आजारात नळी इतकी बधिर झालेली असू शकते की जळजळ जाणवतच नाही. चांगलं वाटणं हा माझा एकमेव पुरावा होता आणि तोच फसवा निघाला. तेव्हापासून सकाळी जेवणाआधी गोळी चालू आहे, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत आणि रात्रीचं जेवण लवकर होतं. अधूनमधून बेरियम पिऊन उभं राहायचं आणि एका, दोन, पाच मिनिटांनी एक्सरे काढायचे. नळी किती वेळात रिकामी होते ते त्यात दिसतं.

रांगेत कुरकुरणाऱ्या आम्हा पेशंटांना थॉमस विलिस यांची गोष्ट डॉक्टर सांगतात. या लंडनच्या वैद्याने १६७४ साली अशाच एका रोग्याची हकिकत लिहून ठेवली. देवमाशाच्या हाडाच्या काडीला टोकाशी स्पंज लावून तो माणूस रोज आपलं अन्न स्वतः खाली ढकलायचा, आणि असा तो पंधरा वर्षं जगला. त्यामानाने डोंबिवली-ठाणे लोकल काहीच नाही, हे मी आता कबूल करतो.

गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेलो. म्हटलं, सिस्टर, चकली खातो मी आता, ती तुमच्यामुळे. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि वजनकाट्याकडे बोट दाखवलं. "आधी चपला काढा. आणि पाणी कसं उतरतंय?"