टेकोड्यांच्या वाटा

आमच्या आदिलाबादकडे श्रावण लागला की माणसं खाली मान घालून चालू लागतात. सोबत चालणारा माणूस बोलता बोलता बांधाकडे वळतो, काठीनं पाचोळा सारतो आणि परत येऊन गप्पांत सामील होतो. काय पाहत होता, हे कुणी विचारत नाही. टेकोडे, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या रानछत्र्या पाहत होता, दुसरं काय!

आमचं गाव बेल्याकडचं, पैनगंगेच्या अंगाचं. काळी सपाट जमीन, नजर जाईल तिथवर पऱ्हाटी. आईचं माहेर मात्र इंद्रवेल्लीच्या पलीकडे, डोंगरात. सागवान, मोह, धावडा, टेंभुर्णी यांच्या मधोमध वसलेलं गाव. आई राखीला माहेरी निघाली की मी पिशवीआधी गाडीत बसलेलो असे. मामाच्या गावी एका गल्लीत मराठी, दुसरीत गोंडी, टेकडीवरच्या कोलामांच्या पोडावर कोलामी आणि तहसिलीत तेलुगू. 1956च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात गेले, आम्ही इकडेच राहिलो. सोयरीक मात्र दोन्हीकडे होत राहिली, त्यामुळे श्रावणात कुणाकडे किती टेकोडे निघाले याची खबर पैनगंगा ओलांडून रोज ये-जा करी.

वाट दाखवायला आमच्यासोबत किकरीवाले बाबा असत. ते परधान, म्हणजे गोंडांच्या कुळकथा गाणारे. किकरी हे त्यांचं घोड्याच्या केसांच्या तारांचं वाद्य. इकडच्या परधानांची घरातली बोली मराठी आणि गाणी गोंडीत. 1940च्या दशकात या डोंगरांत राहून अभ्यास करणाऱ्या हायमेनडॉर्फ यांनीही हे नोंदवलं आहे. त्याच काळात हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असलेले आपले सेतुमाधवराव पगडीही इथे गोंडी शिकले. बाबांना या नावांचं काही नव्हतं. त्यांना कुळं पाठ होती, तशी वारुळंही पाठ होती.

निघायचं उजाडायच्या आत. आठ दिवस झड लागून उघडीप पडली आणि अंगाला घाम चिकटू लागला की बाबा दारात येऊन हाक देत, "चाल पोरा, ऊन निघालं का किडे पडते त्याईले." डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठी. मारुतीच्या देवळामागून आखर ओलांडायचं, तुरीच्या बांधानं नाल्यापर्यंत जायचं आणि नाला उतरला की सागवान सुरू. तिथून वाटेला दोन फाटे फुटत. उजवा फाटा केसलापूरच्या अंगानं जाई, डावा चढून कोलामांच्या पोडावर. पाऊस किती झाला यावर फाटा ठरे. पाऊस थोडा असेल तर नाल्याच्या ओलीनं, फार झाला असेल तर पाणी न थांबणाऱ्या चढावर.

बाबा झाडांकडे पाहत नसत. त्यांची नजर जमीन फुगली कुठं यावर. भेगाळलेल्या मातीतून एखादं करडं टोक वर आलेलं असे, बोट लावलं तर चांगलं टणक. वीतभर माती फोडून वर यायचं तर असं टोक हवंच. त्याच्या बाजूला दुसरं, मग चार, मग पूर्ण उमललेल्या पांढऱ्या छत्र्या. माझा हात छत्रीकडे गेला की बाबा मनगट धरीत. "शेंड्याले नाही, बुडाले धर." बुडाला धरून हलकेच पीळ द्यायचा आणि ओढायचं. मग त्या देठामागून मुळासारखी पांढरी लांब शेपूट निघत येई. मातीचा, ओल्या लाकडाचा आणि किंचित कच्च्या शेंगदाण्याचा असा वास त्याला असे. बारक्या जातीचे टेकोडे निराळे. लाह्या सांडाव्यात तसे ते ओट्याएवढ्या जागेत पसरलेले असत आणि ते वेचता वेचता कंबर धरे.

उपटा, पण वारूळ फोडू नका, हा पहिला नियम. "फोडलं तर पुढच्या साली कोन देईन?" बाबांच्या या प्रश्नाचं शास्त्र मला पुढे कॉलेजात कळलं. हे टेकोडे वाळवीनं लावलेलं पीक आहे. वाळवी पालापाचोळा चावून जमिनीखाली जाळीदार ढेकळं रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. लाकडाचा जो भाग वाळवीला एकटीला पचत नाही तो बुरशी पचवून देते. पावसात त्या ढेकळांतून जे वर येतं ते आपल्या ताटात पडतं. रॉजेर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1942 मध्ये या कुळाला टर्मिटोमायसेस असं नाव दिलं. खालचं घर शाबूत असेल तर त्याच जागी दरसाल टेकोडे येतात. घर मोडलं की संपलं. गोव्याचा माझा एक वर्गमित्र त्यांच्याकडच्या वारुळातल्या अळमीच्या फुशारक्या मारी. ती याच कुळातली निघाली, तेव्हा कुठे आमचा वाद मिटला.

आमच्याकडे वारुळाला हात न लावायला आणखी मोठं कारण होतं. नागपंचमी नेमकी याच दिवसांत येते आणि त्या दिवशी माती खणायची नाही असा दंडक. पुष्य अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, मेसराम कुळाचे लोक पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि देवळात मातीचं वारूळ रचतात. ज्या मुलखात वारूळ हाच देव, तिथे कुदळ कोण चालवणार?

दुसरा नियम खाण्याचा. वारुळातलं आणि लांब शेपटीचं तेवढंच घ्यायचं. उकिरड्यावरचं, गोठ्यामागचं, देठाला कडं असलेलं, खालचे पापुद्रे हिरवट पडलेलं टाकून द्यायचं. मामी निवडताना एखाद्याबद्दल जराही शंका आली तर अख्खा ढीग परत पाहत असे. चांदीची अंगठी काळी पडते का, लसूण रंग बदलतो का, असल्या परीक्षा शहरात ऐकल्या. त्यांत काही तथ्य नाही. विषारी छत्रीत चांदी चकचकीत राहू शकते आणि शिजवूनही विष जाईलच असं नाही. ओळखणारं माणूस सोबत हवं, एवढंच खरं.

तिसरा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. नाल्यापलीकडे एका मोठ्या मोहाखाली घसघशीत वारूळ होतं. टेकोड्यांनी ते भरलेलं असलं तरी बाबा तिकडे न पाहता पुढे जात. ते पोडावरच्या एका कोलामाच्या घरचं. त्या घरची माणसं आमच्या बांधावरच्या वारुळाला हात लावत नसत. जमिनीच्या कागदांवर यातलं काही नव्हतं. पण पोडावर गेलो की त्या घरची आजी वास्त्यांचा, म्हणजे बांबूच्या कोंबांचा, जुडगा हातात देई आणि आम्ही सागाच्या पानातला टेकोड्यांचा पुडा तिच्या ओट्यावर ठेवत असू. कोवळ्या सागपानानं बोटं लाल होत, ती संध्याकाळपर्यंत लालच राहत.

परतल्यावर मामी गंजात तेल टाकून लसूण, कांदा, तिखट आणि थोडं तिळकूट परती. टेकोडे सोलून फाडायचे, विळीवर चिरायचे नाहीत. पाणी त्यांचंच सुटे. उतरवताना वरून मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि ताटात जवारीची भाकर. मटण आहे असं सांगून आमच्या आत्याला फसवण्याचा खेळ दरवर्षी होई आणि तीही दरवर्षी फसल्याचं सोंग करी.

दिवाळी आली की याच वाटा पुन्हा चालू होत. गोंडांच्या दंडारी गावोगाव निघत. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुस्साडी घुंगरं वाजवत त्याच नाल्यातून वर येत. मारलावाईचे कनक राजू यांना 2021 मध्ये या नाचासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या मामाच्या घरी पेढे वाटले गेले.

आता बांध ट्रॅक्टरनं सपाट झाले, तणनाशक आलं आणि पऱ्हाटी थेट सागवानाला जाऊन भिडली. 2012 मध्ये कवाल व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून जंगलाच्या काही भागात सहज शिरता येत नाही. त्यात वाघाचं भलं आहे, माझी तक्रार नाही. रस्त्याच्या कडेला टेकोड्यांचे वाटे मांडून बसलेल्या बाया दिसतात. त्यांच्या घरी त्या पैशानं पोरांच्या वह्या येत असतील, तर तेही बरंच. शहरात मी डब्यातली ढिंगरी आणतो, आवडीनं खातो.

यंदा राखीला गेलो तर मामेभावाचा मुलगा मोबाईल घेऊन नाल्यापलीकडे फिरत होता. किकरीवाले बाबा गेले, जागा विसरायला नकोत, म्हणून तो एकेका वारुळाची खूण नकाशावर टाकून ठेवत होता. मामीला कल्पना पसंत पडली. चुलीपुढून ती म्हणाली, "टाक बाबू, सगळ्या टाक. पन मोहाखालची नको टाकू. ते त्याईच्या घरचं हाय."