जुनी तबकडी

निर्मळची यात्रा कार्तिक वद्य एकादशीस सुरू होते, आणि तिच्यांतून रिकाम्या हातानें घरीं येणारा मनुष्य आमच्या बाजूस विरळाच. २०१० सालीं आमच्या पुतण्यानें हा पराक्रम केला. यात्रेसाठीं मिळालेले पैसे न मोडतां त्यानें नालासोपाऱ्याहून गाडी धरली आणि मुंबईंत लॅमिंग्टन रोडवरून प्लेस्टेशन टूवर चालणाऱ्या खेळाची एक वापरलेली तबकडी आणली. निम्म्या किमतींत काम झालें म्हणून स्वारी खुशींत होती. पण संध्याकाळीं माझ्या खुर्चीपाशीं येऊन म्हणाला, "काका, हा खेळ ज्यांनीं बनविला त्यांना माझ्या पैशांतलें कांहींच मिळालें नाहीं ना?"

मला हसूं आलें, तें माझ्याच कपाटाकडे पाहून. त्यांतलीं निम्मीं पुस्तकें फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरचीं. कित्येकांवर परक्यांचीं नांवें आहेत. एकावर तर कुणा मामानें भाचीला दिलेला आशीर्वाद आहे. त्या खरेदींतून एकाही लेखकाच्या हातावर माझा छदाम पडलेला नाहीं, आणि त्यापायीं माझी झोप उडाल्याचें आठवत नाहीं.

मीं वकिली थाटांत उत्तर दिलें. एक डॉलरपेक्षां कमी किमतीस पुस्तक विकूं नये अशी सूचना छापणाऱ्या प्रकाशकाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९०८ सालींच सांगितलें कीं, एकदां विकलेल्या प्रतीवर तुझी सत्ता उरत नाहीं. आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीनें संगणकाच्या आज्ञावलीची आधीं विकली गेलेली प्रतही कर्त्याच्या हक्काखालीं आणली होती. ते शब्द १९९९ सालीं गाळले गेले.

"पण काका, पुस्तक जुनें होतें. खेळ कुठें जुना होतो?"

प्रश्न बिनतोड होता. पिवळीं पानें आणि सुटलेली शिवण हा जुन्या पुस्तकाच्या गिऱ्हाइकाला दंडच असतो. तबकडीवर ओरखडा नसला तर तिसऱ्या मालकालाही पहिल्याइतकाच खेळ मिळतो. मग नवी घेईल कोण? मीं म्हटलें, "पुढें विकतां येईल या भरंवशावरच पहिल्यानें पुरे पैसे मोजले असतील. दागिना घेतांना आपण मोडीचा भाव विचारतोंच कीं नाहीं?"

हें त्याला पटलें. जरा जास्तच पटलें. "मग मीही खेळून झाल्यावर विकीन. त्याआधीं मित्राकडून नक्कल करून ठेवूं?"

"मुळींच नाहीं. विकलीस तर ती तुझ्या हातून गेली पाहिजे. पैसेही तुझे आणि खेळही तुझाच, हें कसें चालेल?"

तो आंत गेला आणि कागदी पाकिटांतली एक तबकडी घेऊन आला. त्याच्या वाढदिवसाला मींच ती स्टेशनबाहेरून पन्नास रुपयांस घेतली होती. "ही नक्कलच आहे, काका."

घेतांना तें मला ठाऊक नव्हतें असें म्हणण्याची सोय नव्हती. खोक्यावर नांवदेखील हातानें लिहिलेलें होतें. मीं त्या दिवशीं किंमत तेवढी पाहिली होती. मुलगा उलट कांहीं बोलला नाहीं, आणि मलाही पुढें बोलवेना.

आतां तो नोकरीस आहे. खेळ तबकडीवांचून थेट यंत्रांत उतरवून घेतो. ते विकतां येत नाहींत. ती केवळ वापरण्याची परवानगी, असें तोच मला समजावून सांगतो. लॅमिंग्टन रोडची तबकडी त्यानें विकली नाहीं. ती माझ्या कपाटांत, भाचीच्या त्या पुस्तकाशेजारीं आहे. पन्नास रुपयांचीही तिथेंच आहे; ती टाकून देणें मला अजून जमलेलें नाहीं.