वेलीला हवा एका हंगामाचा आधार

बदली होऊन दिल्लीला येणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात कुंड्या क्वचितच असतात. 'कधी परत जावे लागेल, कोण जाणे!' असे म्हणत गृहिणी झाडांचा विचार बाजूला सारते. सरकारी क्वार्टर्सच्या अंगणात निदान चार हात माती तरी मिळते. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्रामच्या उंच इमारतींत वाट्याला येते ती एक बाल्कनी. त्यातून घर भाड्याचे असले, तर भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वीही घरमालकाला विचारावे लागते. अशा घरात बाग कसली करायची?

पण वेल जणू अशाच घरासाठी असते. आंबा लावणाऱ्याला कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. दुधी, दोडका, घोसाळे, कारले यांना मात्र एक हंगाम पुरतो. दिल्लीच्या हवेत फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत बी टोकले, तर साधारण दोन महिन्यांत फळे हाताशी येतात. जागाही फार लागत नाही. लागतो तो फक्त आधार, आणि तोही वेळेवर.

नोएडातल्या एका घराला हे अगदी वेगळ्याच कारणाने उमगले. सासरे गेल्यानंतर सासूबाई साताऱ्याकडचे घर बंद करून मुलाकडे आल्या होत्या. मुलगा आणि सून नोकरीवर, नात शाळेत. दिवसभर बंद दाराआड त्या एकट्या. हिंदी बोलण्याचा संकोच, म्हणून शेजारीही जात नसत. 'उन्हाळा लागला की जाईन मी आपली गावी,' हे त्यांचे पालुपद. तिथे त्यांच्याकडे बघायला कोणी नाही, हे सुनेला ठाऊक होते. पण 'राहा' म्हणायचे तर त्यांनी इथे करायचे काय?

पूसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेचा मेळा दरवर्षी वसंतात भरतो. तिथून सुनेने घोसाळ्याच्या 'पूसा चिकनी' या जातीचे बी आणले. "आई, मला काही हे जमायचे नाही. तुम्ही बघाल का?"

सासूबाईंनी बी तळहातावर घेऊन पाहिले आणि विचारले, "घरात सुतळी आहे का गं?" त्या घरात आल्यापासून त्यांनी स्वतःहून मागितलेली ती पहिलीच वस्तू!

भिंतीला हात न लावता मांडव उभा राहिला. मातीने भरलेल्या दोन मोठ्या कुंड्यांत दोन-दोन बांबू रोवले. वर आडव्या काठ्या बांधल्या आणि चौकट बाल्कनीच्या जाळीला घट्ट बांधून टाकली. मग बांबूंच्या मध्ये वीतभर अंतराने सुतळीच्या उभ्या-आडव्या ओळी ताणल्या. बी मागाहून पेरले. हा क्रम महत्त्वाचा आहे. वेल पसरल्यावर काठ्या रोवल्या तर मुळे दुखावतात आणि गुंतलेले शेंडे सोडवताना मोडतात.

आधार निवडताना वेलीचा स्वभाव पाहावा. घोसाळे, दोडका, कारले, दुधी यांना बारीक तणावे असतात. जाड बांबूला त्यांचा विळखा बसत नाही, त्यांना सुतळी किंवा तारच हवी. वाल आणि गोकर्ण यांचे खोडच आधाराभोवती फिरत वर जाते, त्यांना उभी दोरी किंवा काठी पुरते. मनीप्लांटला धरून ठेवायला मुळे फुटतात, म्हणून त्याला खडबडीत, ओलसर खांब आवडतो. बोगनवेल आणि वेलगुलाब यांना स्वतःहून धरता येत नाही, त्यांना बांधावेच लागते. वेलगुलाबाच्या फांद्या उभ्या न नेता आडव्या वळवून बांधल्या, तर फुले अधिक येतात. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनातील बागेत, म्हणजे आताच्या अमृत उद्यानात, लाल दगडी मांडवावर गुलाब आणि बोगनवेल चढवलेली आहे. बाग राजाची असो वा भाडेकरूची, वेलीची गरज तीच!

दिल्लीच्या हवेचाही विचार हवा. मे महिन्यात लोखंडी जाळी हात लावू देत नाही. तिथे कोवळ्या शेंड्यांचे काय? म्हणून बांबू आणि सुतळी बरी. मांडव भिंतीपासून तीन-चार इंच दूर असावा. हवा खेळली की पानांवर भुरी कमी पडते. मे-जूनमध्ये धुळीची आंधी येते, तेव्हा चौकट वर आणि खाली दोन्हीकडे बांधलेली असावी. वेलीची काळजी मात्र फारशी करू नये. 1865 साली चार्ल्स डार्विनने वेलींवर एक सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. आधार पकडल्यावर तणावा स्प्रिंगसारखा वळतो आणि वाऱ्यात ताणला गेला तरी सहज तुटत नाही, हे त्याने त्यात दाखवून दिले.

नोएडातल्या त्या मांडवाने एप्रिलअखेर बाल्कनीत सावली धरली. वेलीचे एक टोक शेजारच्या पंजाबी बाईंच्या जाळीवर गेले. त्या कौतुकाने म्हणाल्या, "आंटीजी, आपकी तोरी!" सासूबाईंना आधी 'तोरी' कळेना, मग दोघी हसल्या. पहिल्या घोसाळ्यांची भजी तळून सासूबाई स्वतः शेजारी घेऊन गेल्या. येताना तोरीची पंजाबी भाजी कशी करतात ते विचारून आल्या, तेही हिंदीत!

उन्हाळा केव्हाच लागला होता. गावी जाण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि सुनेनेही काढला नाही. त्यांचे लक्ष फुलांकडे होते. उंच मजल्यावर मधमाश्या कमी येतात, म्हणून सकाळी नरफूल तोडून मादीफुलाला लावायचे काम त्यांनी नातीला शिकवले. ज्या फुलाखाली इवलेसे घोसाळे असते ते मादीफूल, हे आता नात मैत्रिणींना सांगते.

स्वतःचे घर झाल्यावर बाग करू, असे म्हणत अनेकींची वर्षे निघून जातात. वेल तेवढे थांबायला सांगत नाही. बदलीचा हुकूम आलाच तर मांडव सोडवायला अर्धा तास पुरतो. बांबू शेजारी देऊन टाकता येतात. एक घोसाळे वेलीवरच वाळू द्यावे. त्याच्या जाळीने भांडी घासता येतात आणि आतले बी पुढच्या घरी, कुठल्याही गावी, पदराच्या गाठीत नेता येते.