रोज एक शब्द : कुंभोज ते श्रवणबेळगोळ

श्रवणबेळगोळच्या यात्रेला निघणाऱ्या सांगलीकरांच्या सामानात पूजेचे साहित्य, पाणी गाळण्याचे वस्त्र आणि फराळाचे डबे ठरलेले असतात. हळदीची पिढीजात अडत असलेल्या एका कुटुंबाने यंदा त्यात एका कोऱ्या वहीची भर घातली. नियम नातीचा : दिवसभरात पाहिलेल्या स्थानावरून एकच शब्द निवडायचा आणि सायंकाळी आरतीनंतर त्या शब्दाने जागी होणारी आठवण प्रत्येकाने सांगायची. घरची पेढी येत्या दिवाळीला कायमची बंद होणार होती. आजोबांनी, म्हणजे घरच्या अण्णांनी, त्याविषयी अवाक्षरही काढले नव्हते.

पहिला मुक्काम हातकणंगले तालुक्यातील कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री झाला. समंतभद्र महाराजांनी १९३४ साली येथे गुरुकुल सुरू केले. बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती १९६३ मध्ये उभी राहिली. टेकडीवरील दर्शन आटोपल्यावर शब्द निघाला ‘पायरी’. आजी म्हणाल्या, “लग्न होऊन आले तेव्हा पेढीच्या पायरीपर्यंत डबा पोचवायचा आणि मागे फिरायचे, अशी रीत होती. आतली गादी मी कितीतरी वर्षांनी पाहिली.” अण्णा ऐकत राहिले.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती बांधविली. गाभाऱ्यात भगवान नेमिनाथ विराजमान आहेत आणि मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली उमललेले आहे. त्या सायंकाळचा शब्द ‘छत’. मुलाला आठवले ते पेढीमागचे पत्र्याचे छप्पर, अवेळी आलेला पाऊस आणि पोत्यांवर ताडपत्री ओढताना स्वतः चिंब भिजलेले हमाल. अण्णांनी त्या वेळीही केवळ मान हलविली.

तिसरा दिवस प्रवासात गेला. श्रवणबेळगोळ गावाच्या मध्यभागी कल्याणी हे तळे आहे. बेळगोळ म्हणजे धवल तळे. गावाला नाव मिळाले ते या पाण्यावरून. शब्द अर्थातच ‘पाणी’ ठरला आणि अण्णा प्रथमच बोलले. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठविण्यासाठी जमिनीत खोल पेवे खोदलेली असत : तोंड अरुंद, आत ऐसपैस पोकळी. वर्षानुवर्षे त्यांत हळद टिकत असे. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या पेवांत शिरले. “त्या पाण्यानंतर पेढी सावरलीच नाही,” एवढे बोलून ते उठले.

चौथ्या दिवशी पहाटे सर्वांनी अनवाणी विंध्यगिरी चढावयास प्रारंभ केला. डोली नको म्हणून अण्णाही थांबत थांबत चढले. गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविलेली ५७ फूट उंचीची ही अखंड पाषाणमूर्ती आजही खुल्या आकाशाखाली उभी आहे. भगवंतांच्या चरणांपाशी कन्नड आणि तमिळ लेखांबरोबर नागरी लिपीतील मराठी लेखही आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या शिलालेखांत त्याची गणना होते. समोरच गुल्लकायज्जीची मूर्ती आहे. कथा अशी की, चामुंडरायाने घागरींनी दूध ओतूनही अभिषेक पूर्ण होईना. एका वृद्धेने गुल्लकायीच्या फळाच्या पोकळ कवचातून आणलेल्या चिमूटभर दुधाने तो पूर्ण झाला.

शिलालेखातूनच नातीने शब्द घेतला : ‘करवियलें’, म्हणजे करवून घेतले. सायंकाळी ती म्हणाली, “करविणाऱ्याचे नाव शिळेवर आहे. छिन्नी चालविणारे हात किती होते, ते मात्र त्यात नाही.”

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग सावकाश बोलू लागले. पेव उघडले की लगेच आत उतरता येत नसे. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. काही तास तोंड उघडे ठेवायचे, मग कंदील सोडायचा. ज्योत टिकली तरच उतरायचे. “पहिला जो उतरे, त्याचे पाय संध्याकाळपर्यंत पिवळे झालेले असत. त्याच्या भरवशावर आपला व्यापार चालला. रोजमेळात ‘पेवमजुरी’ म्हणून एकूण रक्कम लिहिली जाई. खर्च नावे पडला. माणसांची नावे मात्र कुठेच पडली नाहीत.”

नातीने वही पुढे केली. अण्णा आठवून आठवून सांगत गेले, ती लिहीत गेली. सात नावे झाली. त्यांतील दोघांची आडनावे काही केल्या आठवेनात. हरिपूरला गेल्यावर त्यांच्या घरी विचारायचे ठरले. त्याच रात्री आणखी एक ठरले. दिवाळीला पेढीवरचे शेवटचे वहीपूजन होईल तेव्हा या सातही घरांना बोलावणे जाईल आणि त्यांची पाने गादीवर मांडली जातील. आजी म्हणाल्या, “आणि या वेळी वाढायला मी आत येईन.”