हृदयाचा नांगर

आमच्या इब्रामपुरात नांगर म्हटले की शेत डोळ्यांपुढे येते. शापोरा नदीच्या मुखाशी तोच शब्द उच्चारावा, तर होडी. माणसाच्या हृदयातही नांगर असतात, हे मात्र मला फार उशिरा कळले.

हृदयाची प्रत्येक पेशी एका पातळ स्निग्ध आवरणात गुंडाळलेली असते. त्या आवरणात प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात. ती उघडली की सोडियमचे विद्युत्भारित कण आत शिरतात आणि ठोक्याची आज्ञा पेशीमागून पेशीत पोचते. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा. परंतु आवरण पडले तेलासारखे तरल. त्यात द्वार मोकळे सोडले, तर ते वाहवत जाणारच! म्हणून पेशीच्या आत प्रथिनतंतूंचा जो सांगाडा असतो, त्याला ते जखडलेले असते. जखडणाऱ्या प्रथिनाचे नाव अँकिरिन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नांगरच. व्हॅन बेनेट यांनी ते १९७९ साली तांबड्या रक्तपेशींत ओळखले. पुढे २००४ साली असे आढळले की, सोडियमद्वाराच्या सुमारे दोन हजार घटकांपैकी एकच बदलला, तर त्यात नांगर अडकत नाही आणि हृदयपेशीत ते आपल्या जागी स्थिरावत नाही. यातून होणारा विकार म्हणजे ब्रुगाडा. तो बहुधा विश्रांतीत वा झोपेत घाला घालतो, आणि ताप त्याला चेतवतो.

माझे धाकटे काका १९६८ साली तापात, झोपेतच गेले. वय तीसही नव्हते. गावात कुजबुज झाली ती राहिलेल्या नवसाची. आणि तो राहिला म्हणे काकींमुळे. काकींनी देवळात गाऱ्हाणे घातले, कौल घेतला. पण जिभांना कौल कोण लावणार?

अलीकडे त्यांचा नातू तापात भोवळ येऊन पडला. हृदयाच्या आलेखात ब्रुगाडाची खूण निघाली; मग मुलाच्याही. आमच्या घरातला दोष नेमका नांगराचाच, असे म्हणण्यास आधार नाही. या विकाराची कारणे अनेक, आणि पुष्कळ घरांत ती सापडतही नाहीत. रक्ताच्या साऱ्या नात्यांनी आलेख काढून घेतले. ताप दिसताच उतरवायचा आणि काही ठरावीक औषधे टाळायची, हा आता घरचा नेम झाला आहे.

काकींना मी हे सारे सावकाश समजावून सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे तेव्हा ताप उतरवला असता तर?”

मी म्हटले, “काकी, ब्रुगाडा बंधूंनी या विकाराचे वर्णन केले तेच १९९२ साली.”

त्यांनी ते साल पुन्हा एकदा विचारून घेतले.